कागद इलो काय? घरात पिढ्यानपिढ्या मुरलेली भीती ओळखायची आणि हलकी करायची कशी

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी फोन वाजला, ऑफिसचा मेल होता. मी तो उघडायच्या आधीच पोरगा गृहपाठ सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसला आणि म्हणाला, "आई, वाईट आहे का?" मेल कॅन्टीनच्या बदललेल्या वेळेचा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझे बाबा रोज घरात शिरताना, चप्पल काढता काढता विचारायचे, "काही पत्र आलं का?" आमच्याकडे पत्र येणार कुणाचं? लाइटचं बिल, नाहीतर गावच्या मंडळाचं वर्गणीचं बोलावणं. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून हसायचो. तीच नक्कल माझ्या पोटात जाऊन बसली होती आणि तिथून पोराच्या डोळ्यांत उतरली होती.

एका पिढीवर ओढवलेलं संकट संपतं, पण त्यातून निघालेली भीती, गप्प बसण्याची सवय, घरातले न सांगितलेले नियम पुढच्या पिढीत चालत राहतात. याला पिढीजात आघात म्हणतात. छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंच्या मुलांमध्ये असं काही दिसतंय, हे कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ व्हिव्हियन रॅकॉफ यांनी १९६६ मध्ये लिहिलं. तेव्हापासून यावर अभ्यास चालू आहे. हल्ली समाजमाध्यमांवर "आघात जनुकांतून उतरतो" असं ठासून सांगतात. तिथे जरा दमानं घ्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या बाळांच्या जनुकांवर साठेक वर्षांनीही काही रासायनिक खुणा सापडल्या, हे खरं. पण ती बाळं स्वतःच त्या उपासमारीत होती. माणसांत भीती जनुकांवरून नातवंडांपर्यंत जाते, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तशी गरजही नाही. आवाजाची पट्टी, दारावरची थाप ऐकून आकसणारे खांदे, "हे बाहेर बोलायचं नाही" हे वाक्य, एवढ्यावर काम भागतं. आणि जे बघून शिकलो, ते बघून सोडवताही येतं.

पुढे लिहिते आहे ती पद्धत मी सव्वा वर्ष वापरली. तिचा गाभा एवढाच, की आधी भावना खोदायची नाही, आधी परिस्थिती शोधायची. घरातली विचित्र सवय एकेकाळी कुठल्यातरी खऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर होती. तो प्रश्न सापडेपर्यंत बाकीचं सगळं हवेत राहतं.

सुरुवातीच्या आधी

हे काम कुणीकुणी एकट्यानं करू नये, ते आधी सांगते. घरात आजही मारहाण चालू असेल, तर ती आजची हिंसा आहे. वही नंतर, सुरक्षितता आधी. जुना प्रसंग आत्ता घडतोय असा अंगावर येत असेल, आठवणींनी आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर थेट तज्ज्ञांकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून मराठी कुटुंबांबरोबर हेच काम करत आहेत. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो, आणि तिथली रांग वाटते तितकी भयंकर नसते.

बाकीच्यांनी एक साधी दोनशेपानी वही घ्या, फक्त यासाठी. आठवड्यातून तीन वेळा, वीस मिनिटं. झोपायच्या आधी नको, कारण ढवळलेलं पाणी निवळायला वेळ लागतो. वही मिटल्यावर हातांना काहीतरी काम द्या. मी भांडी घासायचे. घरच्यांना त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं, पण तक्रार कुणाचीच नव्हती.

पायरी पहिली: फक्त पकडा

पहिले तीन आठवडे काहीही सुधारायचं नाही. दिवसात जिथे तुमची प्रतिक्रिया प्रसंगापेक्षा मोठी झाली, तिथे चार गोष्टी टिपा: काय घडलं, शरीरात कुठे काय झालं, तोंडातून कुठलं वाक्य निघालं, आणि ते वाक्य मुळात कुणाचं.

माझ्या वहीतली एक नोंद: "मंगळवार. एचआरचा मेल. पोटात गोळा, कान गरम. मुलाला म्हणाले, आता बाहेरचं खाणं बंद. वाक्य बाबांचं." पुढच्या गुरुवारची: "बॉसनं केबिनमध्ये बोलावलं. पोटात गोळा. घरी येऊन पासबुक काढलं. वाक्य नाही. पण पासबुक काढून बघत बसणं आजीचं."

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि पहिल्या आठवड्यात तो रिकामाच राहतो. राहू द्या. वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं, की बऱ्याचदा आवाज ओळखू येतो. आमच्या घरात बाबा प्रमाण मराठी बोलायचे, पण घाबरले की एखादा शब्द मालवणी निघायचा. तो शब्द मला पुढच्या दारापर्यंत घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी नोंदी एकत्र वाचा. पंचवीसेक प्रसंगांत दोन किंवा तीनच धागे असतात. त्यातला एक निवडा. सगळे एकदम ओढलेत तर गुंता होईल.

पायरी दुसरी: तारखांचा कागद

मोठा कागद आडवा धरा, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. वर आजी-आजोबांची पिढी, मध्ये आईवडील, खाली तुम्ही. प्रत्येक नावासमोर जन्म, लग्न, स्थलांतर, नोकरी लागली-सुटली, आजार, मृत्यू. अंदाजे साल चालेल. मग कागदाच्या कडेला बाहेरच्या जगाच्या तारखा लिहा. महाराष्ट्रातल्या घरांत यांतली एखादी हमखास लागू पडते: ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. १२ जुलै १९६१, पानशेत. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामं आणि सुकडी. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. शिवाय धरणाखाली गेलेली गावं, कुळकायद्यात गेलेली किंवा आलेली जमीन, फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेली सिंधी कुटुंबं.

आता एक काम करा. त्या त्या साली घरातलं प्रत्येक माणूस किती वर्षांचं होतं, ते लिहा. कागद इथे बोलायला लागतो. ज्याला आपण "पहिल्यापासून चिडका" म्हणत आलो, तो बहात्तर साली नऊ वर्षांचा होता आणि सगळ्यात धाकटी बहीण त्याच उन्हाळ्यात गेली, असं काहीतरी शेजारी शेजारी दिसतं.

बायकांची ओळ मुद्दाम भरा, कारण ती आपोआप भरली जात नाही. किती बाळंतपणं, किती मुलं जगली, माहेर कधी तुटलं, शाळा कोणासाठी सुटली. माझ्या आजीच्या नावापुढे "गृहिणी" लिहून मी पुढे गेले होते. नंतर कळलं, की तिनं चार वर्षं दहा माणसांचे डबे केले होते. त्या डब्यांवर बाबांची दहावी झाली.

ज्यांच्या घराण्याची जखम जातीची आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी आहे. तिथे ही भूतकाळाची गोष्ट नसते. ऑफिसात आडनाव विचारलं जातं तेव्हा घडत असते. अशा वेळी सावधपणाला "जुना आघात" म्हणून सोडून द्यायला सांगणं अन्यायाचं आहे. वही मन मोकळं करेल. तक्रार अर्ज, संघटना आणि कायदा यांची जागा ती घेणार नाही.

माझ्या कागदावर आजोबांसमोर, १८ जानेवारी १९८२ पाशी, पेन्सिलनं गोल होता. गिरणी संप. मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास कामगारांनी काम बंद केलं तो दिवस. आजोबा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. बाबा चौदा वर्षांचे होते. संप झाला हे घरात सगळ्यांना माहीत होतं, भिंतीवरच्या डागासारखं. त्याबद्दल कोणी बोलत नसे.

पायरी तिसरी: विचारा, पण समोर बसून नको

मी पहिल्यांदा केलेली चूक अशी. रविवारी दुपारी बाबांसमोर खुर्ची ओढली, फोन रेकॉर्डिंगवर ठेवला आणि विचारलं, "संपाच्या वेळी तुम्हाला कसं वाटलं?" बाबा म्हणाले, "कसं वाटणार? संप होता." आणि पेपर उचलला. संपली मुलाखत.

आपल्याकडच्या त्या पिढीला "कसं वाटलं" हा प्रश्न पोलिसी वाटतो. वस्तू विचारा. रॉकेल कुठून आणायचे? पहिली कुठली वस्तू विकली? रेशनच्या रांगेत कोण उभं राहायचं? सणाला काय केलं? आणि हात कामात असताना विचारा. शेजारी शेजारी बसलं, नजर खाली असली, की तोंड सुटतं. आमची खरी मुलाखत दोन किलो मटार सोलताना झाली.

मी विचारलं, "बाबा, चाळीत टपाल कुठे यायचं?"

"जिन्याखाली. लाकडी पेटी होती, सगळ्या मजल्यांची एकच. मी तीन-चार वेळा खाली जायचो."

"इतक्यांदा कशाला?"

"आजोबा पाठवायचे. 'बघ रे, कागद इलो काय.' गिरणीचा कागद. कामावर घेतल्याचा."

मग पाच-सहा शेंगा सोलून झाल्यावर ते आपणहून बोलले. त्र्याऐंशी साली एक दिवस खरंच पाकीट आलं, गिरणीचा शिक्का असलेलं. ते धावत वर घेऊन गेले. आजोबांनी फोडलं, दोन ओळी वाचल्या आणि थांबले. आडनाव आमचंच होतं, खोली शेजारची. आजोबांनी कागद होता तसा घडी घातला, आजीकडून भाताची चार शितं मागून घेतली, पाकीट चिकटवलं, अंगठ्यानं दाबून धरलं. "जा, त्यांका देऊन ये." शेजारचे कामावर गेले. दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं ते कायमचं. आमचा कागद आला नाही.

मला तेव्हा कळलं, की बाबा चाळीस वर्षं त्या पेटीपाशीच उभे आहेत. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. हजारो माणसं परत घेतली गेली नाहीत, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण "संपलं" असं कुणी म्हणालं नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक अशा नुकसानीबद्दल सांगतात, की ज्याला स्पष्ट शेवट नसतो त्या दुःखात माणूस अडकून पडतो. धड रडता येत नाही, धड आशा सोडता येत नाही. बेपत्ता माणसांच्या घरात असं होतं. गिरणगावात ते नोकरीच्या बाबतीत झालं.

विचारताना काही पथ्यं पाळा. माणूस थांबला की थांबा. गप्प राहण्याचा त्यांना हक्क आहे. न सांगता रेकॉर्ड करू नका. दोन भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर पंच होऊ नका, दोन्ही लिहून ठेवा. आणि सांगून झाल्यावर त्या माणसाला एकटं सोडून लगेच निघून जाऊ नका. मी त्या दिवशी रात्री तिथेच जेवले. मटारची उसळ.

मोठी माणसं हयात नसतील किंवा बोलणार नसतील, तर कागद बोलतात: जुनं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, फंडाची पावती, सातबारा, गहाणखत. दाखल्यावर "शाळा सोडण्याचे कारण" हा रकाना असतो. आधी तो वाचा.

पायरी चौथी: चार दिवसांचं लिखाण

आता भावनांची पाळी. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घेतला: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवाबद्दल मनमोकळं लिहायचं. लिहिल्यावर लगेच मुलांना जड वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत परिणाम कमीजास्त आले. हा काही रामबाण उपाय नाही, पण फुकट आहे.

मी त्याला असं वळण दिलं. पहिल्या दिवशी घटना लिहा, जशी ऐकली तशी. दुसऱ्या दिवशी ती त्या वेळच्या सगळ्यात लहान माणसाच्या नजरेतून लिहा. मी जिन्यावरच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या नजरेतून लिहिलं. तिसऱ्या दिवशी तुमच्या स्वतःच्या बालपणात तिचे पडसाद कुठे उमटले, ते. इथे राग येईल, येऊ द्या. बाबांनी मला हवं ते कॉलेज घेऊ दिलं नाही, "सरकारी नोकरीच्या परीक्षा दे" म्हणून तीन वर्षं घालवायला लावली, हे मी दोन पानं भरून लिहिलं. चौथ्या दिवशी त्या लहान मुलाला पत्र लिहा. ते पाठवायचं नाही.

लिहिताना "कारण", "म्हणून", "आत्ता कळतंय" असे शब्द आपोआप वाढतात का, ते बघा. पेनेबेकरांना ज्यांच्या लिखाणात असे शब्द दिवसागणिक वाढले, त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. उलट चारही दिवस तेच रडगाणं फिरत राहिलं, तर पाचव्या दिवशी लिहू नका. कुणाशी तरी बोला.

पायरी पाचवी: नियम तपासा

घराण्याचा नियम एका वाक्यात मांडा. माझा असा निघाला: "कागद कधीही येईल किंवा येणार नाही, म्हणून सतत तयार राहा." त्याखाली तीन प्रश्न. तेव्हा हे खरं होतं का? हो, अगदी. आज किती खरं आहे? थोडं, कंपन्या आजही माणसं काढतात. याची किंमत कोण देतंय? माझी झोप, आणि आठ वर्षांचं एक पोर.

सगळे नियम फेकायचे नसतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणं हाही संपातूनच आलेला नियम आहे. तो मी ठेवला, त्याची वेगळी मुदत ठेव केली. शेजाऱ्याचं पाकीट भाताच्या शितांनी चिकटवून देणं हेही त्याच घरातून आलंय. वारसा म्हणजे नुसती जखम नव्हे, हे नुसतं म्हणण्यापुरतं नको, खरंच नियमांच्या यादीत लिहा.

समजून घेणं म्हणजे माफ करणं, असा मात्र घोळ घालू नका. ज्यांच्या वडिलांनी पट्ट्यानं मारलं, त्यांना वडिलांचंही बालपण तसंच होतं हे कळेल. कळल्यावरही दोन हात अंतर ठेवायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. नातेवाईक "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणतील. त्यांना चहा द्या.

पायरी सहावी: एक छोटी गोष्ट बदला

एकच, आणि दिसेल अशी. मी ठरवलं, की ऑफिसचा मेल मुलासमोर उघडायचा नाही. फोन वाजला, की दोन्ही तळपाय जमिनीला टेकवायचे, श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा, असं पाच वेळा. मग स्वयंपाकघरात जाऊन बघायचं. पहिल्या महिन्यात निम्म्या वेळा विसरले. ध्यानाचं एक ॲपही घेतलं होतं. त्यात मी रोज चौथ्या मिनिटाला घोरायचे, असं नवऱ्याचं म्हणणं.

चुकलं, की दुरुस्ती करायची, त्याच दिवशी. "मघाशी मी ओरडले. तुझी चूक नव्हती. मी घाबरले होते." एवढंच. त्यात "पण तूसुद्धा" जोडायचं नाही. आमच्या दोन पिढ्यांत कुठल्याही मोठ्या माणसानं लहानाला असं म्हटलेलं मला आठवत नाही, त्यामुळे पहिल्यांदा म्हणताना माझीच जीभ जड झाली. बदललेली सवय पकडायला दोन-तीन महिने द्या, मगच दुसरा धागा हातात घ्या.

मुलांना किती सांगायचं

वयाला झेपेल तेवढं, खोटं न सांगता. मूल सात-आठ वर्षांचं असेल तर चार वाक्यं पुरतात: काय झालं, कोण घाबरलं, आता काय वेगळं आहे, आणि याच्याशी तुझा काही दोष नाही. वही त्यांच्या हाती देऊ नका. ती तुमची आहे; पुढे वाटलं तर त्यातलं निवडून सांगा.

मी दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. पणजोबा गिरणीत होते, संप झाला, ते पत्राची वाट बघत होते, आजोबा खाली जाऊन पेटी उघडून बघायचे. म्हणून फोन वाजला की आई दचकते. तुला माझ्या तोंडाकडे बघत बसायची गरज नाही, मी बघून घेईन.

त्यानं नीट ऐकलं. मग विचारलं, "मग पत्र आलं?"

"नाही आलं."

"कधीच?"

"कधीच."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग बाहेरच्या खोलीत बाबांकडे गेला. बाबा पेपर वाचत होते. त्यानं पेपर खाली ओढला आणि विचारलं, "आजोबा, ती पेटी केवढी होती?" बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि दोन हात पसरून दाखवलं.